दहा मिनिटांचं वायफाय

ताइमी कार्प्पिनेन एकोणिसाव्या वर्षी टेलिफोनच्या खांबावर चढली आणि साठाव्या वर्षी उतरली. मधली एक्केचाळीस वर्षं तिने काइनू प्रांताच्या जंगलात तारा ओढल्या, बर्फाच्या ओझ्याने तुटलेल्या तारा जोडल्या. सुरुवातीला टोळीत ती एकटीच बाई होती. पहिल्या हिवाळ्यात पुरुषांनी तिला मुद्दाम सगळ्यात उंच खांब दिला. ती वर गेली, काम केलं, आणि खाली येण्याआधी खिशातलं सँडविच तिथेच बसून खाल्लं. त्यानंतर कुणी तिच्या वाटेला गेलं नाही.

मग टेलिफोन कंपनीने ठरवलं की इतक्या थोड्या घरांसाठी तांब्याच्या तारा सांभाळणं परवडत नाही. लेहतोवारा गावाची शेवटची तार ताइमीनेच कापली. ती त्याच गावात राहायची. नवरा ओस्मो म्हणाला, "अगं, दुसऱ्या कुणाला तरी सांग ना. आपल्याच गावाची तार!"

"दुसरा कुणी येईल आणि अर्धी तार झुडपात टाकून जाईल," ताइमी म्हणाली. तिने तार कापली, नीट गुंडाळली आणि गाडीत टाकली. त्याच महिन्यात तिची नोकरीही संपली.

तारा गेल्यावर घरोघर मोबाईल नेटवर्कवर चालणारे मोडेम आले. मोडेम माडीच्या खिडकीत ठेवायचा, छपरावर अँटेना लावायची, की घरात वायफाय. पण त्याला जोडायला कॉम्प्युटर हवा, आणि गावातल्या बहुतेकांकडे एकतर काहीच नव्हतं किंवा पार जुनं झालेलं काहीतरी होतं. बँकेची शाखा बंद झाली होती, दवाखान्याची वेळ इंटरनेटवर घ्यावी लागत होती. २०१४च्या ऑक्टोबरात कायानी शहरातल्या एका शाळेने मोडीत काढलेले चौदा लॅपटॉप ग्रामसंघाला दिले. सगळे एकाच बनावटीचे. ताइमीने चौदाही मशीनवर लिनक्स घातलं, म्हणजे मशीन चालवणारं सॉफ्टवेअर. ते फुकट होतं, हलकं होतं, आणि आत काय चाललंय ते बघू देत होतं. ही शेवटची गोष्ट तिला सगळ्यात जास्त आवडायची.

पडदा उजळला, हरणाचं चित्र आलं, घड्याळ बरोबर, अक्षरं मोठी. फक्त वायफाय नाही.

ग्रामसंघाची बैठक जुन्या शाळेच्या खोलीत भरली. अध्यक्ष वेइक्को हार्कोनेन ताइमीच्याच वर्गातला, आणि पहिलीपासून तिच्याशी वाद घालण्यात त्याचा हातखंडा होता.

"तरी मी म्हणत होतो," वेइक्कोने कप खाली ठेवला. "फुकटातलं ते फुकटातलंच. लिनक्स हेलसिंकीत जन्मलं म्हणून काय आपल्यावर मेहेरबानी करणार आहे?"

"करेल. विचारलं तर करेल," ताइमी म्हणाली.

"मग केबल लाव ना सरळ. तुझा सगळा जन्म तारा ओढण्यातच गेला."

"मोडेम माडीवर, माणसं खाली स्वयंपाकघरात. ऐंशी वर्षांची म्हातारी जिन्यावरच्या केबलमध्ये पाय अडकून पडली, तर उचलायला तू जाशील?"

कुणीतरी हसलं. वेइक्कोने कान खाजवला. "हे बघ, नगरपालिका नवे टॅब्लेट द्यायला तयार आहे. पण सगळ्यांना नाही, निम्म्यांनाच मिळतील. जानेवारीअखेर अर्ज गेला पाहिजे. तोवर तुझं काही जमलं तर जमलं."

"जमेल," ताइमी म्हणाली आणि दुसरा वेलदोड्याचा पाव घेतला.

कोपऱ्यात लेम्पी मोइलानेन बसली होती, चौऱ्याऐंशी वर्षांची. गेली एक्केचाळीस वर्षं रोज सकाळी आठ वाजता ती अंगणातल्या काठीपाशी जाऊन बर्फ किती साचला ते मोजायची आणि हवामान खात्याला कळवायची. आधी टेलिफोनवरून. तार गेल्यापासून ती मोबाईल घेऊन गोठ्यामागच्या खडकावर चढत होती, कारण रेंज तिथेच यायची.

"मला निम्म्यांत घालू नका हं," लेम्पी म्हणाली. "मला ताइमीचंच मशीन हवं. खडकावर आता मांडीभर बर्फ येईल. तो मोजायचा कुणी?"

दुसऱ्या दिवशी ताइमीने एक लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर मांडला. आधी मशीनला विचारलं की तुझ्या पोटात काय काय आहे. यादीत वायफायचं कार्ड होतं. म्हणजे कार्ड मेलेलं नव्हतं. मग तिने मशीनची नोंदवही उघडली. लिनक्स सुरू होताना काय काय घडलं ते त्यात ओळीने लिहिलेलं असतं. शेकडो ओळींत एक ओळ सरळ सांगत होती की कार्डात भरायची फाईल सापडली नाही. हे कार्ड रिकाम्या डोक्याने जागं होतं. त्याच्या चिपमध्ये दर वेळी एक छोटी फाईल भरावी लागते, तेव्हा कुठे आपण कोण ते त्याला कळतं. ती फाईल कार्ड बनवणाऱ्यांच्या मालकीची, म्हणून लिनक्ससोबत आपोआप आली नव्हती. ताइमीने मोडेमला केबल लावून ती उतरवून घेतली, योग्य जागी ठेवली आणि मशीन पुन्हा सुरू केलं.

वायफायचं चिन्ह उमटलं. घरच्या मोडेमचं नाव दिसलं. तिने पासवर्ड टाकला आणि हवामानाचं पान उघडलं.

"ओस्मो! उद्या उणे नऊ!"

"ते तर मला गुडघ्यानेही सांगितलं," ओस्मो बाहेरच्या खोलीतून म्हणाला. तो जंगलात झाडं तोडणारं यंत्र चालवून निवृत्त झाला होता. मशीन म्हटलं की त्याला डिझेलचा वास यायला हवा असे.

ताइमीने कॉफी ठेवली. कॉफी होऊन ती परत येते तर वायफाय गेलेलं. चिन्ह होतं, नाव होतं, पण पान उघडत नव्हतं. बंद करून चालू केलं, आलं. दहा-बारा मिनिटांनी पुन्हा गेलं. तिने दुसरा लॅपटॉप काढला, मग तिसरा. संध्याकाळपर्यंत चौदाही करून झाले. सगळे एकाच रोगाचे रोगी.

एकच मशीन बिघडलं असतं तर ताइमी वैतागली असती. चौदाची चौदा तशीच वागतात म्हटल्यावर तिला बरं वाटलं. याचा अर्थ कुठेतरी एकच चूक होती, आणि एकच चूक शोधायची होती.

पुढचा आठवडा तिने नुसतं मोजलं. वही घेतली, रकाने आखले. मोठी फाईल उतरवत ठेवली तर वायफाय चार-चार तास टिकत होतं. मशीनला काही काम न देता सोडलं की जात होतं. म्हणजे कार्ड झोपत होतं आणि उठत नव्हतं. बॅटरी वाचवण्यासाठी अशी कार्डं अधूनमधून डुलकी घेतात. ताइमीने डुलकी बंद करायची आज्ञा दिली. मशीन हो म्हणालं, आणि कार्ड तरीही झोपलं.

ज्या ड्रायव्हरच्या, म्हणजे छोट्या प्रोग्रॅमच्या, जोरावर लिनक्स हे कार्ड चालवत होतं, तो सांभाळणारी माणसं ईमेलच्या एका टपालयादीवर भेटतात हे तिला ठाऊक होतं. तिने शब्दकोश जवळ घेऊन इंग्रजीत पत्र लिहिलं आणि यादीवर पाठवलं. दोन दिवसांनी चेक देशातल्या ब्रनो शहरातून रादोवान नावाच्या माणसाचं उत्तर आलं. नोकरी सांभाळून उरलेल्या वेळात तो हा ड्रायव्हर बघायचा. उत्तर दोन ओळींचं होतं. "या कार्डाबद्दल अशा तक्रारी आधीही आल्यात. हार्डवेअरच खराब आहे, दुसरं कार्ड घ्या."

ओस्मोने खांद्यावरून वाचलं. "झालं! तज्ज्ञानेच सांगितलं. आता टेबल मोकळं कर, जेवू दे."

"त्याने मशीन पाहिलेलं नाही. मी चौदा पाहिलीत," ताइमी म्हणाली. तिला राग आला नव्हता. कचेरीत बसून तार ठीक आहे म्हणून सांगणारे साहेब तिने आयुष्यभर पाहिले होते.

नोव्हेंबरच्या मध्यावर लेम्पीने निरोप धाडला की जसं असेल तसं मशीन दे, दहा मिनिटं मला पुष्कळ झाली. ताइमीने एक लॅपटॉप नेऊन दिला. "वायफाय गेलं की इथे दाबायचं, लेम्पीमावशी. पुन्हा येईल."

चार दिवसांनी ती विचारायला गेली. लेम्पी टेबलाशी बसून हवामान खात्याच्या पानावर एका बोटाने आकडे भरत होती.

"किती वेळा दाबावं लागलं?"

"काय?"

"अहो, ते बटण. वायफाय गेल्यावर दाबायचं ते."

"ते गेलंच नाही गं. मंगळवारपासून चालूच आहे. बंद कसं करतात ते तू कुठे सांगितलंस?"

ताइमी खुर्चीत बसली. लॅपटॉप आपल्याकडे वळवून तिने नोंदवही वाचली. चार दिवसांत कार्ड शेकडो वेळा झोपलं होतं आणि दर वेळी उठलं होतं. तेच मशीन तिच्या घरी दहा मिनिटं टिकत नव्हतं.

"काय झालं? मी काही बिघडवलं का?" लेम्पीने विचारलं.

"नाही, मावशी. तुम्ही फार चांगलं काम केलंत."

दुसऱ्या दिवशी सकाळी ताइमीने पायाने रेटायची घसरगाडी बाहेर काढली. तिच्या बैठकीवर लोकरीच्या घोंगडीत गुंडाळलेला लॅपटॉप बांधला, थंडीने बॅटरी बसू नये म्हणून शेजारी गरम पाण्याची बाटली ठेवली आणि निघाली. एकेका घरी जायचं, मशीन वायफायला जोडायचं आणि हात न लावता अर्धा तास बसायचं. काही न करता अर्धा तास बसणारा पाहुणा लेहतोवारात कॉफीशिवाय सुटत नाही. पहिल्या दिवशी पाच घरं झाली आणि नऊ कप. दुसऱ्या दिवशी तिने स्वतःच्या चहाचा थर्मास नेला, तर तिसऱ्या घरची बाई रुसली.

वाटेत वेइक्को बर्फ सारत उभा होता. "काय गं, तान्ह्या बाळाला फिरवायला काढलंयस?"

"हो. तुझ्या घरी आणतेय आता. तुझ्याकडे टिकतं का रडतं, बघू."

वेइक्कोकडे वायफाय बाराव्या मिनिटाला गेलं. "बघ!" तो म्हणाला. त्याच्या आवाजात खुशी होती.

"बघितलं," ताइमीने वहीत लिहिलं आणि वर पाहिलं. "वेइक्को, तुझा मोडेम दाखव."

तीन दिवसांत एकोणीस घरं झाली. चार घरी वायफाय टिकलं, पंधरा घरी गेलं. चारही घरी मोडेम लेम्पीकडे होता तसा, चपटा काळा. बाकीच्यांकडे उभा पांढरा. ताइमी लेम्पीचा मोडेम उसना घेऊन आली, आपल्या पांढऱ्या मोडेमशेजारी ठेवला आणि दोघांच्या सेटिंगची पानं एकेक ओळ करून ताडून पाहिली. बहुतेक सगळं सारखं होतं. एका ओळीत काळ्याकडे एक लिहिलं होतं, पांढऱ्याकडे तीन.

त्या आकड्याचा अर्थ तिने शोधून काढला. मोडेम सेकंदाला दहा वेळा ठोका देतो, मी इथे आहे म्हणून. झोपलेल्या कार्डाने त्यातल्या ठरलेल्या ठोक्याला उठून आपल्यासाठी काही निरोप आहे का ते ऐकायचं असतं. काळा मोडेम प्रत्येक ठोक्याला निरोप सांगत होता, पांढरा दर तिसऱ्या ठोक्याला. जिथे प्रत्येक ठोका निरोपाचा, तिथे मोजावं लागत नाही. जिथे तिसरा, तिथे मोजावं लागतं, आणि हे कार्ड मोजण्यात चुकत होतं. ते भलत्याच ठोक्याला उठायचं, निरोप नाही असं समजून पुन्हा झोपायचं, आणि शेवटी मोडेम त्याचा नाद सोडून द्यायचा.

तिने आपल्या पांढऱ्या मोडेमच्या पानावर तीनचा एक केला. दुपारभर लॅपटॉप नुसता पडून राहिला. वायफाय हललं नाही. ताइमी उठली आणि भर दुपारी सौना, म्हणजे एरवी शनिवारीच तापणारं वाफेचं न्हाणीघर, तापवायला घेतला.

"आज शनिवार नाही," ओस्मो म्हणाला.

"आज मला शनिवार वाटतोय."

वेइक्कोला ही बातमी दुसऱ्याच दिवशी कळली. तो दारातूनच म्हणाला, "मग अडलंय कुठे? पंधरा घरी जा, तीनचा एक कर, संपलं!"

"आणि दवाखान्यातलं वायफाय? ग्रंथालयातलं? लेम्पीमावशी नाताळात कायानीला भाचीकडे जाते, तिथला मोडेम कोण बदलणार? तू?"

"दहा मिनिटांत होणाऱ्या कामाला तू दोन महिने घालवणार."

"चूक मोडेमची नाहीच. ती ड्रायव्हरमध्ये आहे. तिथेच दुरुस्त व्हायला हवी."

वेइक्को गेला. ओस्मो त्या दिवसापासून न सांगता जेवण स्टुलावर मांडू लागला.

ताइमीने रादोवानला दुसरं पत्र लिहिलं. एकोणीस घरं, चौदा मशीन, दोन मोडेम, एक आणि तीन. सोबत सगळा तक्ता जोडला. पत्राच्या शेवटी लिहिलं, "हार्डवेअर खराब असतं तर चार घरांत ते बरं झालं नसतं."

पाच दिवस काही आलं नाही. सहाव्या दिवशी लांबलचक उत्तर आलं. "तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तुमचं बरोबर आहे, मी चुकलो. निरोपाचा आकडा ड्रायव्हर चिपमध्ये चुकीच्या जागी लिहितोय. सहा वर्षं ही चूक तिथे आहे. तुम्ही कुठल्या प्रयोगशाळेत काम करता?"

ताइमीने उत्तर दिलं, "स्वयंपाकघरात."

त्याने दुरुस्ती पाठवली, वीसेक ओळींची. ती लावायची तर लिनक्सचा गाभाच नव्याने बांधावा लागणार होता. त्या जुन्या मशीनला त्याला नऊ तास लागले. ताइमी सकाळी सातला सुरू करून लाकडं फोडायला गेली. चार वाजता मशीन तयार झालं, आणि वायफाय जोडलंच जाईना. दहा मिनिटंसुद्धा नाही. तिने नोंदवहीतल्या ओळी पाठवल्या. रादोवानने माफी मागितली, एक आकडा बदलला. पुन्हा नऊ तास.

या वेळी चाललं. पांढऱ्या मोडेमवर, तीनवर. एक तास, सहा तास, रात्र आणि पुढचा अख्खा दिवस. ताइमीने तो गाभा एकेका मशीनवर घातला. तेरा चालली. चौदावं आपल्या जुन्याच चालीने बाराव्या मिनिटाला गेलं.

जानेवारीचे दहा दिवस उरले होते. वेइक्को येऊन अर्जाचा कागद टेबलावर ठेवून गेला होता. "तेरा म्हणजे पुष्कळ झाली की," ओस्मो म्हणाला. "एक टाकून दे. कुणी विचारणार नाही."

"मी विचारीन ना."

तिने चौदावं मशीन उलटं केलं, स्क्रू काढले, कार्ड बाहेर काढून दिव्याखाली धरलं. मग शेजारच्या मशीनमधलं कार्ड काढून बाजूला ठेवलं. दोन्ही सारखीच. चिपवरची बारीक अक्षरं वाचायला तिने भिंग आणलं. लांबलचक क्रमांकाच्या शेवटी तेरा ठिकाणी एक अक्षर होतं, इथे त्याच्या पुढचं. हे कार्ड नंतरच्या खेपेचं होतं. तिने फोटो काढून ब्रनोला पाठवला.

उत्तर तासाभरात आलं. "ही खेप मी कधी पाहिलेली नाही. यात आकड्याची जागा वेगळी असणार. तुमच्याकडे ते मशीन नसतं तर ही दुरुस्ती अर्ध्या जगात चालली असती आणि उरलेल्या अर्ध्यात पुन्हा हीच रड सुरू झाली असती. उद्या नवी दुरुस्ती पाठवतो. कृपा करून तोवर ते चौदावं मशीन कुणाला देऊ नका!"

तिसरी दुरुस्ती चौदाही मशीनवर चालली. जानेवारीच्या सव्वीस तारखेला ताइमीने घसरगाडीवर चार-चार लॅपटॉप बांधून ते घरोघर पोचवले. वेइक्कोकडे शेवटी गेली. त्याने मशीन उघडलं, घड्याळ समोर ठेवलं आणि पाऊण तास वायफायच्या चिन्हाकडे बघत बसला. मग उठून अर्जाचा कागद चुलीत घातला.

"कॉफी घेणार?" त्याने विचारलं.

"तुझी कॉफी पातळ असते."

"आज दाट करतो."

फेब्रुवारीत रादोवानने लिहिलं की दुरुस्ती आता कायमची लिनक्समध्ये जाते आहे, सगळ्या जगासाठी. अशा दुरुस्तीखाली ती कुणी लिहिली आणि कुणी तपासली ते नावानिशी लिहितात. "तुमचं नाव घातलं तर चालेल का?"

"घाला," ताइमीने कळवलं. "कार्प्पिनेनमध्ये दोन पी आहेत."

ती ओळ तिने ओस्मोला दाखवली. त्याने चष्मा लावून नाव दोनदा वाचलं. मग आतल्या खोलीत जाऊन त्याने भावाला फोन लावला. यंत्रांबद्दल त्या भावापुढे तो वीस वर्षं फुशारक्या मारत आला होता. दार लोटलेलं होतं, तरी ताइमीला ऐकू येत होतं. "नाही नाही, माझं यंत्र नाही रे. हिचं. हिचं नाव. जगभरच्या मशीनमध्ये! अरे, तुझ्याही मशीनमध्ये असेल, उघडून बघ!"

मार्चमध्ये पोस्टाची गाडी एक छोटं खोकं देऊन गेली. आत सहा वायफाय कार्डं होती, सगळी वेगवेगळ्या खेपेची, आणि चेकमधल्या कारखान्यातली चॉकलेटं. सोबत चिठ्ठी होती, "यातल्या दोन कार्डांचं दुखणं मला कळत नाही. तुम्हाला वेळ असेल तर."

ताइमीने कार्डं ओळीने मांडली, भिंग पुसलं आणि पहिलं कार्ड उचललं. ओस्मोने चॉकलेटचा कागद सोडला.

"किती दिवस लागतील?"

"ते अजून मला कुठे ठाऊक आहे!" ती म्हणाली. हे सांगताना ती फार खुश दिसत होती. दुसरं चॉकलेट सोलून ओस्मोने तिच्यापुढे ठेवलं.